मुक्या पाइपांचा उन्हाळा

होळी झाली की आमच्या नागपुरात कूलर बाहेर निघतात. गच्चीवरून, जिन्याखालून, माळ्यावरून. वर्षभराची धूळ झटकायची, टाकीला रंगाचा हात द्यायचा, पंप बादलीत बुडवून चालतो का ते पाहायचं. मग एखाद्या सकाळी गल्लीत सायकल येते, मागे वाळ्याचा भारा, आणि हाक ऐकू येते, "ताट्या भरून घ्याऽ". कूलरच्या तिन्ही बाजूंना जाळीच्या चौकटी असतात, त्यांत वाळ्याच्या मुळ्या दाबून बसवायच्या. त्या ताट्या. त्यांच्यावर पहिल्यांदा पाणी सुटलं की ओल्या मातीचा, गवताचा, थोडा औषधासारखा वास घरभर पसरतो. शेजारच्या बायका म्हणतात, या वासानंच अर्धा उन्हाळा कमी होतो. मी हो म्हणते आणि खिडकीपासून लांब जाऊन बसते.

माझ्यासाठी तो वास एका पाइप ऑर्गनचा आहे.

सदर नावाच्या वस्तीच्या मागच्या बाजूला, दुकानांची गर्दी संपते तिथे एक लहान चर्च आहे. नाव सांगत नाही. लहान असलं तरी त्यात एक खराखुरा पाइप ऑर्गन आहे, म्हणजे होता. आम्ही हार्मोनियमला पेटी म्हणणारी माणसं. माझ्या गावात कोणी पेटीपेक्षा मोठं वाद्य पाहिलेलं नव्हतं. मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मला ते वाद्य आहे असं वाटलंच नाही. भिंतभर उंच, गडद सागवानाची चौकट, तिच्यावर कोरलेली पानं आणि मध्ये ओळीनं उभे एकवीस पाइप. दोन्ही कडांना सर्वांत उंच, मध्ये उतरत उतरत ठेंगणे, पुन्हा चढते. शाळेच्या फोटोत उंचीप्रमाणे उभं करतात तसे. निळसर राखाडी रंगावर सोनेरी पट्टे, त्यावर तांबडी फुलं, हिरव्या वेली. प्रत्येक पाइपाला खालच्या बाजूला एक चीर आणि चिरेला वरचा आणि खालचा ओठ. ओठच म्हणतात त्याला. ते ओठ सोन्याच्या वर्खानं मढवलेले. एकवीस तोंडं थोडी उघडी ठेवून कोणीतरी बोलायच्या आधी थांबलं आहे, असं ते दिसायचं.

मी तिथे कशी पोचले, ते सांगते. आमचं गाव रामटेकच्या पलीकडे. धानाची थोडी शेती. उन्हाळ्यात शेतात काम नसतं, म्हणून बाबा दर वर्षी दोन महिने नागपुरात ताट्या भरायला यायचे. बाबा चौथी शिकलेले. सदरमध्ये एडविन सर म्हणून एक निवृत्त शिक्षक राहायचे, त्यांच्या घरचा कूलर बाबा कितीतरी वर्षं भरत होते. एका उन्हाळ्यात ताट्या भरता भरता बाबांनी सांगितलं की पोरगी बारावी झाली, कॉलेजात जातो म्हणते, पण राहायचं कुठे. सर म्हणाले, मागची खोली रिकामी आहे, पाठवून द्या. एवढंच बोलणं. त्यावर माझं सगळं आयुष्य उभं आहे. आमच्या घरात, आमच्या भावकीत मी पहिली ग्रॅज्युएट. बाबा घरचा तांदूळ आणून द्यायचे आणि सरांची बायको, लीलामावशी, दर वेळी म्हणायची, "शंकरभाऊ, इतका भात आम्ही दोघं म्हातारे कुठे खाऊन राहिलो?" बाबा म्हणायचे, "मंग पोरीले चारा. तिचं डोकं लय भुकेलं आहे."

पहिल्या वर्षी मी इंग्रजीत नापास झाले. सर रागावले नाहीत. म्हणाले, "संध्याकाळी माझ्याबरोबर चर्चला चल. तिथे शिकू." सर त्या चर्चचे ऑर्गनवादक होते, तरुणपणापासून. रोज संध्याकाळी तासभर सराव करायचे. वाजवायच्या पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या गोल खुंट्या असायच्या, ओढल्या की आवाजाची जात बदलायची. प्रत्येक खुंटीवर इंग्रजीत नाव कोरलेलं. सर म्हणायचे, वाच. मी अडखळत वाचायची. मग ते ती खुंटी ओढून एकच पट्टी दाबायचे आणि तो शब्द मला ऐकू यायचा. बासरी या अर्थाचा शब्द वाचला की लाकडी पाइप बोलायचे, माठाच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखे, गोल आणि जरा ओलसर. दुसरी खुंटी ओढली की बारीक पाइप, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ कान नेल्यासारखा गुणगुणता आवाज. तिसरी सनईची लांबची बहीण, नाकातून बोलणारी. इंग्रजी शब्दांना अर्थ असतो हे मला पुस्तकातून कळायच्या आधी तिथे कळलं.

स्वल्पविरामही तिथेच शिकले. "हा भात्याला श्वास घ्यायला दिलेला वेळ आहे," सर म्हणायचे. "तू वाक्य धावत वाचते. ऑर्गन असा वाजवला तर लोक गुदमरतील."

त्या आवाजाबद्दल लिहायचा मी पूर्वीही प्रयत्न केला आहे, जमलं नाही. पेटीचा सूर भाता हलेल तसा कमी-जास्त होतो, माणसाच्या दमाचा असतो. ऑर्गनचा तसा नाही. बोट ठेवलं की सूर उभा राहतो. बोट आहे तोवर तसाच, सरळ, ना मोठा ना लहान. बोट उचललं की तुटतो, पण छतात थोडा वेळ राहतो. सर म्हणायचे, दाबणं कोणालाही येतं, वाजवणारा ओळखायचा तो बोट उचलण्यावरून. आणि पायाखाली पट्ट्या होत्या, लांब लाकडी. त्यातली डावीकडची शेवटची दाबली की जो आवाज यायचा तो मला कानांनी कधी धड ऐकू आला नाही. बाक थरथरायचा. खिडकीची एक सैल काच कुरकुरायची. छातीत कोणीतरी हलकेच हात टेकवल्यासारखं व्हायचं.

एकदा बाबा ताट्यांचं काम संपवून मला भेटायला तिथेच आले. चप्पल बाहेर काढून, टॉवेल खांद्यावरून हातात घेऊन दाराशी उभे राहिले. सरांनी आत बोलावलं.

"सर जी, हे इतके पाइप कायले?" बाबांनी विचारलं. "पानी कुठून येते?"

"पाणी नाही, शंकरभाऊ. हवा येते."

"नुसती हवा?" बाबा वर पाहत राहिले. "अन् त्यासाठी इतकं सजवलं? आमच्याकडे नवरदेवाले बी इतका रंग नाही लावत."

सर हसले. म्हणाले, "एक गंमत सांगू? या एकवीसमधले बारा मुके आहेत. त्यांना हवाच जोडलेली नाही. नुसते दिसायला."

"मंग ठेवले कायले?"

"लग्नात किती लोक नुसता फेटा बांधून उभे असतात, तसे."

बाबांना हे फार आवडलं. पुढे कित्येक दिवस ते गावात सांगत होते की नागपूरच्या बाज्यात बारा पाहुणे आहेत. सरांनी मग त्यांना बाजूचं लहान दार उघडून आत नेलं. आत अंधार, लाकडी शिडी आणि दाटीनं उभे शेकडो पाइप. करंगळीएवढे, हाताएवढे, माणसापेक्षा उंच. काही कथील-शिशाचे मळकट, काही लाकडाचे चौकोनी, रंग नाही, फूल नाही, वेल नाही. खरं काम करणारे सगळे इथे होते. सर म्हणाले, "बोलणारे हे." बाबांनी एका लाकडी पाइपावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. म्हणाले, "हे आपल्यातले आहेत."

उन्हाळा हा ऑर्गनचा वैरी. नागपूरचं ऊन लाकडातला ओलावा शोषून घेतं, पाइपांखालच्या हवेच्या पेट्यांना चिरा पडतात, एका पट्टीची हवा शेजारच्या पाइपात शिरते. म्हणून सर होळीपासून आत मातीच्या चार कुंड्या ठेवायचे, पाण्यानं अर्ध्या भरलेल्या. भिंतीवर एक जुनं घड्याळासारखं यंत्र होतं, ते हवेतला ओलावा दाखवायचं. काटा पाहून ते एखादी कुंडी काढायचे किंवा ठेवायचे. मला तेव्हा ते देवघरातल्या कामासारखं वाटायचं. रोज करायचं, विचारायचं नाही.

माझ्या शेवटच्या वर्षीचा एप्रिल. परीक्षा सुरू होत होती आणि सरांना अचानक छातीत दुखू लागलं. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात नेलं, डॉक्टर म्हणाले बायपास लगेच. स्ट्रेचरवरून आत नेताना सरांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं अभ्यासाचं काही सांगतील. ते म्हणाले, "कुंड्या. अर्ध्याच भर. जास्त नाही."

दोन दिवस मी ते केलं. तिसऱ्या दिवशी बाबा आले. त्या वर्षी ऊन भयंकर होतं, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. बाबा माझ्याबरोबर चर्चमध्ये आले, कुंड्या पाहिल्या आणि म्हणाले, "एवढ्याशा पान्यानं काय होते वं? बाहेर आग पडून राहिली. सरच्या घरात कूलर अन् याले कुंड्या?"

मी म्हटलं, सरांनी एवढंच सांगितलंय.

"सर बिचारे एकटे कुठून कूलर आणतीन, म्हणून कुंड्या." मग म्हणाले, "तीन वर्षं त्यायनं तुले घरात ठेवलं. माह्यापासून काही घेत नाही. तांदूळ आणला तं मावशी बोलते. मले बी काहीतरी देऊ दे ना."

दुसऱ्या दिवशी ते हातगाडीवर एक जुना कूलर घेऊन आले. कोणीतरी टाकून दिलेला होता, तो त्यांनी स्वतः ठोकून, रंगवून नवा केला होता. चौकीदाराला सांगून ऑर्गनच्या आतल्या खोलीच्या खिडकीत बसवला. बागेतल्या नळापासून नळी ओढून टाकीला जोडली, आत तरंगता गोळा लावला, म्हणजे पाणी कमी झालं की आपोआप भरेल. ताट्यांसाठी गावच्या नाल्याकाठचा वाळा खास आणला होता. बटण दाबलं. थंडगार ओली हवा त्या शेकडो पाइपांमधून वाहू लागली आणि सगळी खोली वाळ्याच्या वासानं भरली. बाबा आणि मी शिडीपाशी उभे होतो. बाबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा.

"सरले आत्ता सांगू नको," ते म्हणाले. "घरी आले की पाहतीन."

मी सांगितलं नाही. मी रोज संध्याकाळी धंतोलीला जायची. सरांच्या नाकात नळी होती, आवाज फुटत नव्हता, पण रोज ओठ हलवून ते एकच विचारायचे, कुंड्या? मी म्हणायची, हो सर, सगळं ठीक आहे. त्यांचे डोळे मिटायचे. आणि मी परत येऊन अभ्यासाला बसायची, कारण आता कुंड्या भरायला जायचं कारण उरलं नव्हतं. कूलर आपला आपण चालत होता. भिंतीवरचं ते यंत्र मी एकदाही पाहिलं नाही. मला काटा वाचता येत होता. इंग्रजीचा शेवटचा पेपर मी त्याच दिवसांत लिहिला आणि तो फार चांगला गेला.

कूलर लागल्याला नऊ दिवस झाले तेव्हा सरांना घरी सोडलं. ऑटो सदरमध्ये शिरली तसे ते म्हणाले, आधी चर्च. मावशी रागावली, तरी ऐकलं नाही. सर आधी इथेच येणार हे ओळखून बाबा धुतलेला सदरा घालून चर्चच्या दारात उभे होते. मी एका बाजूनं आणि मावशी दुसऱ्या बाजूनं धरून सरांना आत नेलं.

आतल्या खोलीच्या दारातच ते थांबले. मला वाटतं त्यांना वासानंच कळलं. त्यांनी कूलरकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या काट्याकडे, मग वाकून जवळच्या हवेच्या पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. जुन्या ऑर्गनमध्ये सगळे सांधे सरसाने चिकटवलेले असतात आणि हवेच्या झडपांना चामडं असतं. सरस पाण्यानं सुटतो, चामडं पाण्यानं फुगतं. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी फक्त सरांची पाठ पाहत होते.

त्यांनी भात्यात हवा भरणारा विजेचा पंखा सुरू केला, बाकावर बसले आणि एक खुंटी ओढली. कुठलीच पट्टी न दाबता दोन पाइप आपोआप रडू लागले, एक उंच, एक खाली. सरांनी ज्या पट्ट्या दाबल्या त्यांतून नुसता सुस्कारा आला. त्यांनी पंखा बंद केला. भात्यातली हवा संपेपर्यंत ते दोन सूर खाली खाली घसरत गेले.

"काय झालं जी?" बाबांनी विचारलं.

सर वळले. त्यांनी बाबांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "वय झालं होतं हो त्याचं, शंकरभाऊ. एवढी वर्षं टिकला हेच पुष्कळ. तुमचा कूलर छान आहे."

बाबांनी मान हलवली. म्हणाले, "दोन वर्षं आधीच लावाले पाहिजे होता."

"हो," सर म्हणाले. "आधीच लावायला हवा होता."

त्या दिवशी दुपारी मी सरांना गोळ्या द्यायला गेले. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "त्यांना सांगू नको. देताना त्यांचा चेहरा पाहिला ना तू?" मी रडले. ते म्हणाले, "पेपर कसा गेला?" मी म्हटलं, चांगला. ते म्हणाले, "बस. झालं तर मग."

खरं सांगायचं तर त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. अर्ध्याच भर, जास्त नाही, हे मला सांगितलं होतं, बाबांना नाही. बाबांना सांगायचं तर तेही सांगावं लागलं असतं. म्हणून सरांचा मोठेपणा मी पुढे केला आणि त्याच्यामागे उभी राहिले.

चर्चच्या कमिटीनं दुरुस्तीची चौकशी केली, कारागीर फार लांबून आणावा लागतो असं कळलं, आणि एक विजेचा की-बोर्ड आला. सर दर रविवारी तरीही यायचे. पुढच्या बाकावर बसून लोकांबरोबर गायचे. गाताना त्यांची बोटं समोरच्या बाकाच्या लाकडावर चालायची. मी मागच्या बाकावरून ते पाहायची. कडव्याच्या शेवटी ते ती बोटं लाकडावरून किती हलकेच उचलायचे.

आणखी चार उन्हाळे सर होते. चारही उन्हाळे बाबा आले, सरांच्या घरचा कूलर भरला, ओट्यावर बसून चहा घेतला. दर वर्षी ऑर्गनचा विषय निघायचा. बाबा म्हणायचे, "शेवटच्या दिवसांत त्याले थंडावा भेटला, एवढंच समाधान." मावशी उठून आत जायची. सर म्हणायचे, "भेटला, शंकरभाऊ." गावात बाबांनी ही गोष्ट किती जणांना सांगितली असेल, त्याचा हिशोब नाही. म्हाताऱ्या माणसाची सेवा केल्यासारखी ते सांगायचे. सर गेले तेव्हा बाबा गावाहून आले. इतरांबरोबर त्यांनीही कबरीत मूठभर माती टाकली.

मी आता नागपुरातच एका शाळेत इंग्रजी शिकवते. मुलांना स्वल्पविरामापाशी थांबवते.

यंदा बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, धंतोलीतच. पट्टी निघाली, काळा चष्मा लागला, आणि आठव्या दिवशी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. त्या सकाळी बाबा म्हणाले, "वैशू, अजून वेळ आहे. ते रंगवलेले पाइप एकदा दाखव ना. तवा मले सगळं धुकट दिसे. फुलं आहेत म्हणत होते सर."

मी नको म्हणायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा पाहून नेलं.

चर्च उघडं होतं. आत बाजूचं लहान दार उघडं, जमिनीवर चादर पसरलेली आणि तिच्यावर आतले पाइप ओळीनं आडवे ठेवलेले. एक तरुण कारागीर बाहेरगावाहून आला होता. कमिटीनं ठरवलं होतं की आतलं सगळं काढायचं, जागा मोकळी करायची, आणि पुढचे एकवीस तेवढे शोभेला ठेवायचे. त्यांच्यासमोर लग्नाचे फोटो चांगले येतात.

बाबांनी आधी चष्मा काढून पुढचे पाइप पाहिले. एकेक फूल पाहिलं. मग चादरीपाशी गेले, वाकले, आणि कारागिराला म्हणाले, "म्हातारा झाला होता बिचारा. वयानं गेला."

"वयानं नाही, काका," तो तरुण म्हणाला. चांगला मुलगा होता, समजावून सांगायची हौस असलेला. त्यानं हवेच्या पेटीची एक फळी उचलून दाखवली. "लाकूड बघा, अजून शंभर वर्षं काही झालं नसतं. पाणी लागलंय याला. सगळा सरस सुटला. कोणीतरी खिडकीत कूलर लावला होता म्हणे. खुणा आहेत अजून."

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. चौकटीत स्क्रूची चार भोकं होती. ऑपरेशननंतर त्यांना आता सगळं स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी त्या मुलाकडून फळी हातात घेतली, सांध्यावरून अंगठा फिरवला, जिथे सरस होता तिथे आता पांढरी भुकटी होती. फळी परत जागेवर नीट ठेवली. मग बाहेर आले आणि पायरीवर बसून चप्पल घालू लागले. बराच वेळ लागला.

"सरले ठाऊक होतं?"

"हो, बाबा."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी कळलं त्यांना."

"अन् त्यानंतर चार वर्षं त्यायनं मले चहा पाजला." ते जमिनीकडे पाहत होते. "तुले बी ठाऊक होतं."

मी मान हलवली. म्हटलं, सरांनीच सांगितलं होतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. म्हटलं, चूक माझी होती, मला त्यांनी सांगितलं होतं की पाणी जास्त नको. सगळं सांगितलं, इतक्या वर्षांचं. ते ऐकत होते की नाही मला कळलं नाही.

"मी शिकलो नाही म्हणून नाही सांगतलं?"

"नाही, बाबा."

"मंग काहून?" आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "माह्या हातानं झालं होतं. मले ठाऊक असतं तं मी त्यायच्या पायाशी बसून म्हणलं असतं की सर, चुकलं. ते 'काही नाही' म्हणले असते. पण मी म्हणलं तं असतं. आता कोणाले म्हणू?"

मी म्हटलं, मावशीकडे जाऊ या.

"तिले काय सांगाचं. तिले तं सगळं ठाऊकच आहे."

धंतोलीची वेळ होत आली होती. मी ऑटो थांबवली. बाबा आत बसले, काळा चष्मा पुन्हा लावला. दुपारच्या उन्हात सगळी दुकानं अर्धी शटर ओढून बसली होती आणि जवळजवळ प्रत्येक खिडकीत एक कूलर घरघरत होता. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिवस चालू होता?"

"नऊ दिवस."

ते मांडीवर बोटानं काहीतरी मोजत राहिले. धंद्यातला माणूस मोजतो तसं, नळी केवढी, टाकी केवढी, दिवसाला किती पाणी.

"लय पानी गेलं असन," ते म्हणाले. मग खूप वेळानं, बाहेर पाहत, माझ्याशी नाही, "ताट्या मीनं चांगल्या भरल्या होत्या."